बी आणि बेणे

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकांना बी आणि बेणे यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. भाताचे, ज्वारीचे, मेथीचे बी असते. उसाचे, हळदीचे, आल्याचे बेणे असते. बी फुलातून जन्मते. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर पडतात आणि त्या संयोगातून जो दाणा भरतो, त्यात दोघांचेही काही असते आणि दोघांतही नव्हते असे काही नवेही असते. बेणे हा मात्र मूळ झाडाचाच एक तुकडा. तो जमिनीत पुरला की तेच झाड पुन्हा उभे राहते. तेच गुण, तेच दोष, तोच रंग. इंग्रजी भाषेत बटाट्याच्या बेण्यालाही ‘सीड’ म्हणतात. आपल्या पूर्वजांनी मात्र या दोन गोष्टींना दोन स्वतंत्र नावे देऊन ठेविली आहेत.

ज्यांना जमिनीखाली कांदा किंवा कंद असतो, अशा फुलझाडांना परमेश्वराने या दोन्ही वाटा दिल्या आहेत. कांद्याला बाजूने पिल्ले फुटतात, ती वेगळी करून लावली की बेण्याचे काम झाले. त्याच झाडाला फूल येते, फुलामागे बोंड धरते आणि त्यात बी तयार होते. आपण बहुतेक सारे पहिल्या वाटेने जातो, कारण ती जवळची आहे. पिल्लू आज लावले तर पुढील वर्षी फूल येते. बी आज पेरले तर तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते. या दुसऱ्या, लांबच्या वाटेविषयी आज चार शब्द लिहावे असे मनात आले. सुरतेत आल्यापासून गेली साडेपाच वर्षे मी देवळाच्या आवारात हाच उद्योग करीत आहे आणि त्यातून जे शिकावयास मिळाले, ते गावच्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम केशराचे उदाहरण घेऊ. येथे उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून व नगर-नाशिककडून कापडाच्या धंद्यासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील जी थोडी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांची मुले रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गास येतात. गीतरत्न या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात सुगंधी वनस्पतींची जी नामावळी आहे, तीत केशराचे नाव आहे. ते ऐकून एका मुलाने विचारले, “फादर, केशराचे बी आणून आपण येथे लावू या का?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर चमत्कारिक आहे. केशराला बीच नसते.

केशराचे झाड हे क्रोकस नावाच्या वंशातील. जमिनीखाली लसणीएवढा गड्डा, त्यातून गवतासारखी बारीक पाने, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जांभळे फूल. फुलातील स्त्रीकेसराची तीन तांबडी टोके खुडून वाळविली की केशर होते. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले खुडावी लागतात. काश्मीरात पांपूरच्या पठारावर त्याची शेते आहेत. प्रत्येक प्राण्याच्या आणि वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रांचे संच असतात. सामान्यतः ते दोन असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. केशरात ते तीन आहेत. तिघांची जोडी लावावयाची कशी? म्हणून त्याचे बी भरत नाही. त्याचा पूर्वज ग्रीस देशात, अथेन्स शहराच्या आसपास आजही रानात उगवणारा एक क्रोकस आहे, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. त्या रानटी क्रोकसला बी येते. त्याच्या या कीर्तिमान वंशजाला येत नाही.

याचा अर्थ असा की, जगातील केशराची सारी शेते म्हणजे बेण्याची परंपरा आहे. कोणीतरी गड्डा उपटला, त्याची पिल्ले वेगळी केली, ती पुन्हा लावली. आणि हे काम तीन हजारांहून अधिक वर्षे एका हातातून दुसऱ्या हातात येत राहिले. माणसाने काही वर्षे हात आखडता घेतला तर केशर संपेल. शिवाय सारी झाडे एकाच घडणीची असल्यामुळे गड्डा कुजविणारा रोग आला, तर जो एकाला भोवतो तो शेजाऱ्यालाही भोवतो. बी नसलेल्या झाडाजवळ सौंदर्य असेल, मोल असेल. पण नव्या संकटाला द्यावयास नवे उत्तर नसते.

इतर क्रोकसांचे तसे नाही. थंड देशांतील बागाईत लोक ते हौसेने बियांपासून वाढवितात. या फुलाची एक गंमत ऐकण्यासारखी आहे. आपण ज्याला फुलाचा देठ समजतो ती वस्तुतः एक लांब नळी असते आणि फुलाचा बीजकोश जमिनीच्या आत, गड्ड्याजवळ असतो. फूल सुकून गेले, झाड संपले असे वाटू लागते, आणि मग काही आठवड्यांनी जमिनीतून एक लहानसे बोंड वर येते. ज्यांना ठाऊक नसते ते तोपर्यंत वाफा खणून मोकळे झालेले असतात. ते बी शरदात पेरतात, हिवाळ्याच्या थंडीत ते रुजते, पहिल्या वर्षी सुईसारखे एकच पान येते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फूल. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात ओसाड रान फुलण्याचे जे वर्णन आहे, त्यातील फुलासाठी मूळ हिब्रू भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ कोणी गुलाब करतात, तर कोणी क्रोकस. पंडितांचा वाद पंडितांनी सोडवावा. पण ज्याचा बीजकोश मातीखाली लपून राहतो, ते फूल वाळवंटाच्या आशेला शोभून दिसते खरे.

सुरतेच्या मोकळ्या हवेत क्रोकस फुलावयाचा नाही. त्याला हवी तशी थंडी येथे पडत नाही. पण थंडीने जे काम तेथे होते, ते आपल्याकडे पाऊस करतो. थंड देशांतील कांदे हिवाळा ओळखून जागे होतात. आपल्याकडील कांदे उन्हाळाभर मढ्यासारखे पडून राहतात आणि मृगाचा पहिला शिडकावा झाला की डोके वर काढतात. तापीकाठची ही काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून पडलेली असते. तीत काही जिवंत असेल असे कोणाला सांगूनही पटणार नाही. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच भेगांच्या कडेने हिरवी टोके दिसू लागतात. म्हणून आपल्याला काश्मीरकडे किंवा युरोपकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. आपल्या परसातच पुरेसे आहे.

आमच्या ग्रोटोमागे नागदवण्याची जुनी बेटे आहेत. ती कोणी लावली याची नोंद नाही. बाप्तिस्म्याच्या पुस्तकात प्रत्येक धर्मगुरूची सही असते. बागेत कोणाचीच नसते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा हे आवारही बुडाले होते, असे येथील जुनी माणसे सांगतात. पाणी ओसरल्यावर सर्वत्र गाळ साचला होता, आणि त्या गाळातून सर्वांत आधी जे वर आले ते नागदवण्याचे पान. या नागदवण्याचे बी आपण पाहिले नसेल तर अवश्य पाहावे. पांढऱ्या सुवासिक फुलांमागे जी फळे धरतात, त्यांत लहान बटाट्यासारखे मांसल, हिरवट बी असते. त्याला वरचे कवच नसते आणि रुजण्यासाठी बाहेरचे पाणीही लागत नाही. माझ्या मेजावर कागदांवर ठेवलेल्या एका बीजाने पंधरा-वीस दिवसांत तेथल्या तेथे मोड काढला. म्हणून हे बी वाळवून डबीत जपून ठेवू नये. वाळले की मेले. ते मातीत पुरूही नये. वाफ्यावर अर्धे दाबून ठेवावे, म्हणजे त्यातून एक जाड मूळ खाली जाते आणि त्या मुळाच्या टोकाशी जमिनीखाली नवा कांदा बांधला जातो. तीन-चार पावसाळ्यांनी त्याला फूल येते.

दुसरी आमची पावसाळी लिली. ही मूळची अमेरिका खंडातील. पण आता इतकी आपली झाली आहे की गावोगावच्या देवळांच्या कडेने ती दिसते. पाऊस पडून गेला की दोन-चार दिवसांत सारी फुले एकदम उमलतात. गुलाबी जातीला बी धरलेले आमच्या आवारात मी अद्याप पाहिलेले नाही. पिवळी जात मात्र भरभरून बी देते. तीन कप्प्यांचे लहान बोंड पिवळसर होऊन उकलू लागले की ते तोडावे. आत काळ्या, पातळ चकत्यांसारखे बी असते, अगदी कांद्याच्या बियांची आठवण व्हावी असे. ते ताजे असतानाच पेरावे. दहा-पंधरा दिवसांत उगवते आणि दुसऱ्या वर्षी पुष्कळदा फुलते. ज्यांना मुलांना ही वाट दाखवावयाची आहे, त्यांनी या लिलीपासून आरंभ करावा. तीन वर्षे वाट पाहण्याची शिकवण मुलांना एकदम देऊ नये. आधी एका वर्षाची द्यावी.

बियांपासून आलेल्या या रोपांना खरे भय असते ते खुरप्याचे. पहिल्या वर्षी ती सारी गवतासारखी दिसतात. देवळाच्या सणाच्या आधी तरुण मंडळी आवार साफ करण्यास मोठ्या उत्साहाने येतात आणि त्यांच्या उत्साहापुढे काहीही उभे राहत नाही. म्हणून मी त्या वाफ्यांना बांबूच्या कामट्यांचे कुंपण केले. एक मुलगा बराच वेळ ते पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “फादर, गवताला कुंपण?” मी म्हणालो, “तीन वर्षांनी विचार.” तो आता बारावीत आहे. गेल्या जुलैत तो लिलीच्या वाफ्यापाशी पुन्हा उभा होता. त्याने काही विचारले नाही. सणाच्या साफसफाईत त्या बाजूस कोणी जाऊ नये म्हणून तो स्वतःच पहाऱ्यावर राहिला.

या रोपांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बी पेरतो आपण वर, अर्ध्या बोटावर; पण पूर्ण वाढलेला कांदा सापडतो खोल, कधी वीतभर खाली. मग तो तेथे गेला कसा? या झाडांना नेहमीच्या मुळांखेरीज काही जाड मुळे फुटतात. ती खाली जाऊन घट्ट धरतात आणि मग आखडतात, आणि आखडताना लहानग्या कांद्याला थोडे थोडे खाली ओढतात. असे वर्षानुवर्षे चालते. जेथे उन्हाची झळ पोहोचत नाही आणि डुकराचे नाक पोहोचत नाही, अशा खोलीला तो कांदा स्वतःच जाऊन बसतो. वर मात्र एकदोन पानांखेरीज काही दिसत नाही. आपण म्हणतो की झाड वाढत नाही. ते वाढत असते, पण खालच्या दिशेने. म्हणून पहिली दोन वर्षे रोपे उपटून पाहू नयेत आणि दुसरीकडे हलवूही नयेत.

आता कळलावी. हिच्या नावावरून गावात पुष्कळ विनोद होतात आणि ही घरात ठेवली तर भांडणे होतात असेही काही लोक मानतात. बिचाऱ्या झाडाकडे तसला काही दोष नाही. पूर्वी बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून हिचा कंद वापरीत, त्यावरून हे नाव पडले. संस्कृतात हिला लांगली म्हणतात, कारण कंदाचा आकार नांगरासारखा, दोन बाहूंचा. पानांची टोके वेटोळी होऊन कुंपणाला धरतात आणि श्रावणाच्या सुमारास पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी उलटी फुले येतात. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे आणि तेथे बियांसाठी हिची शेती होते, कारण बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. गाउट या सांध्यांच्या विकारावर डॉक्टर ते अगदी अल्प मात्रेत देतात.

येथे क्रोकसशी हिचा एक दुरून संबंध येतो. युरोपात शरद ऋतूत फुलणारे, क्रोकससारखेच दिसणारे कोल्चिकम नावाचे एक विषारी फूल आहे. कोल्चिसीन हे नाव त्यावरूनच आले. दिसण्यात ते क्रोकसचा भाऊ, पण कुळाने आपल्या कळलावीचे नातलग. ओळखण्याची खूण सोपी आहे: क्रोकसमध्ये पुंकेसर तीन असतात, कोल्चिकममध्ये सहा. कळलावीतही सहाच. रूपावरून नाते ठरवू नये, हे जेथे तेथे खरे आहे. कळलावीचे सर्व भाग विषारी असतात, कंद आणि बी तर विशेष. तेव्हा लहान मुले आणि गुरे जेथे वावरतात तेथे ती लावू नये, हात लावल्यास ते धुवावेत, आणि कोणी कितीही अनुभवाचे म्हणून सांगितले तरी औषध म्हणून घरी तिचा प्रयोग करू नये. मी ती मागच्या भिंतीशी, जाळीच्या आत ठेवली आहे. तिचे तांबडे बी फार संथ. काही दाणे महिन्या-दीड महिन्यात उगवतात, काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत झोपून राहतात. पहिल्या वर्षाचा कंद जेमतेम वाटाण्याएवढा असतो. फुलास तीन-चार वर्षे लागतात.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? पिल्ले लावली की झाले! आपल्या वसईच्या वाड्यांत आणि नगरच्या मळ्यांत गुलछडी होते, तिचे उदाहरण पाहा. आज शेतकरी आवडीने लावतात ती ‘प्रज्वल’ ही जात बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तयार झाली. ‘शृंगार’ नावाची जात आणि मेक्सिकोची एकेरी गुलछडी यांच्या संकरातून ती निघाली. म्हणजे कोणीतरी एका फुलाचे पराग दुसऱ्यावर घातले, बी धरू दिले, ते पेरले, आणि रोपे फुलेपर्यंत धीर धरून त्यांतून निवड केली. त्यानंतर सारे काम बेण्याने चालले आहे. म्हणजे बेण्याने आपण जे मिळाले ते राखतो आणि वाढवितो. नवे जे मिळते ते बियांतून. शेताला दोन्ही लागतात. पण बियांचे काम कोणीतरी केलेले असते म्हणूनच आपल्याला बेणे मिळते, एवढे विसरू नये.

फुलांची गोष्ट हौसेची म्हणून सोडून देता येईल. पण जेथे पोटाचा प्रश्न आहे तेथेही हाच मुद्दा येतो, आणि त्यासाठीच मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला. सुरतेच्या आग्नेयेस डांगची राने आहेत. १९६० पर्यंत डांग मुंबई राज्यात होते. राज्यांची विभागणी झाली तेव्हा ते गुजरातेत गेले. तेथील बोली आपल्या मराठीला आणि खानदेशीला जवळची आहे. त्या रानात पावसाळ्यात सफेद मुसळी उगवते. ठाणे-पालघरकडील बायका पावसाच्या आरंभी जी फोडशीची भाजी आणतात, ती याच वंशातली. मुसळीला कांदा नसतो. माथ्याखाली बोटांसारख्या जाड मुळांचा झुबका असतो. ती मुळे सोलून वाळविली की पांढरी होतात आणि शक्तिवर्धक औषध म्हणून व्यापारी ती विकत घेतात.

या मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. मुंबईजवळच्या बोरिवलीवरून ते पडले, आणि ते देणाऱ्या दोघांपैकी एक धर्मगुरू होते हे वाचून आपल्या वाचकांना आनंद होईल. येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म १९०३ साली स्पेनमध्ये झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकविले, खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला, डांगच्या वनस्पतींवरही त्यांनी लिहिले, आणि पुढे भारताच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे ते संचालक झाले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० नंतरच्या दशकात या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यावर एवढा बाजार उभा राहील असे त्यांना वाटलेही नसेल.

आमच्या आवाराची देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ डांगातले आहेत. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांचे भाऊबंद दरवर्षी मुसळी खणतात. मुसळीला आषाढ-श्रावणात फूल येते आणि भाद्रपदाच्या आगेमागे बी पडते. त्यानंतर पाने पिवळी पडतात आणि मूळ भरलेले असते. खणण्याची योग्य वेळ ती. पण लोक त्याआधीच, झाड हिरवे असताना, कधी फुलावर असताना खणतात. मूळ अर्धवट भरलेले, बी पडलेले नाही, आणि झुबका माथ्यासकट वर आलेला. म्हणजे बीही गेले आणि बेणेही गेले. मी दादांना विचारले, “दादा, बी पडेपर्यंत महिनाभर थांबता येणार नाही का?” ते म्हणाले, “फादर, मी थांबीन. पण मी थांबलो तर दुसरा खणील. रानात थांबणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.”

या उत्तरापुढे उपदेश चालत नाही. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला दूरदृष्टी शिकविण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसास कितपत आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. दादांचे म्हणणे रानापुरते खरे होते. जे सर्वांचे आहे ते राखावयाचे असेल तर सर्वांनी मिळून ठरवावे लागते, आणि ते एका म्हाताऱ्या माणसाच्या हातचे नाही. पण त्यांच्या स्वतःच्या शेताला बांध होता, आणि बांधावर दुसरा कोणी खणावयास येत नाही. मी तेवढेच सुचविले. पुढच्या भाद्रपदात दादा गावाहून परतले ते धोतराच्या सोग्याला गाठ मारून. गाठीत मुसळीचे काळे, बारीक बी होते. अर्धे त्यांनी बांधावर पेरले होते, अर्धे आमच्या वाफ्यासाठी आणले होते.

मुसळीचे बी कमी उगवते. दहा दाण्यांतले दोन-तीन उगवले तरी बरे म्हणावे. म्हणून ते दाट पेरावे, वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा, आणि पाणी तुंबू देऊ नये. पहिल्या वर्षी मुळे दोऱ्यासारखी असतात. विकण्याजोगे मूळ व्हावयास दुसरा पावसाळा लागतो. खणताना मोठी बोटे काढून घ्यावीत आणि माथा दोन-तीन बोटांसह पुन्हा मातीत ठेवावा. तो पुढच्या वर्षी फुटतो. ही झाली बेण्याची वाट. परंतु दरवर्षी काही झाडे अजिबात न खणता बियांसाठी सोडावी. २००० सालच्या आगेमागे महाराष्ट्रात आणि इतरत्र मुसळीच्या लागवडीची मोठी लाट आली होती. बेणे चढ्या भावाने विकले गेले, मग मुळांचे भाव कोसळले आणि कित्येक शेतकरी कर्जात बुडाले. तेव्हा कोणी कर्ज काढून मुसळी लावावी असे मी म्हणत नाही. बांधाच्या कडेने, फुकटच्या बियांतून जे होईल तेवढेच करावे. दादांच्या बांधावर आता तीन पावसाळ्यांची झाडे आहेत. त्यातून त्यांचे घर चालत नाही. पण गेल्या वर्षी त्यांच्या नातवाच्या शाळेची पुस्तके त्यातून आली, आणि शेजारच्या दोन बांधांवर बी मागून नेले गेले.

आता थोडे स्वतःविषयी. धर्मगुरूची बदली ठरलेली असते. माझी येथील सहा वर्षे येत्या मे महिन्यात पुरी होतील आणि बिशपस्वामींचे पत्र केव्हाही येईल. कळलावीच्या वाफ्याचे हे तिसरे वर्ष आहे. तिची पहिली फुले पाहण्यास मी येथे असेन की नाही, हे सांगता येत नाही. काही मित्र म्हणतात की, ज्याचा मुक्काम पाच-सहा वर्षांचा, त्याने झेंडू लावावा. चार महिन्यांत फुले, हार, सारे काही. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे आणि झेंडू मीही लावतो. परंतु ज्या नागदवण्याखाली मी दररोज रोझरी म्हणत फेऱ्या मारतो, तो लावणाऱ्यानेही त्याची बेटे झालेली पाहिली नसतील. आईबाप मुलांसाठी जे करतात त्यातील किती फळ त्यांच्या डोळ्यांना दिसते? पेरणाऱ्याने कापणी पाहिलीच पाहिजे असा नियम प्रभूने केलेला नाही.

मात्र जो नंतर येणार आहे त्याला वाफ्यात काय आहे हे कळले पाहिजे, नाहीतर तो पहिल्याच आठवड्यात गवत समजून सारे साफ करील आणि त्यात त्याचा दोष असणार नाही. म्हणून मी एक वही केली आहे. प्रत्येक ओळीत वाफ्याचा क्रमांक, काय पेरले, बी कोठून आले, केव्हा पेरले आणि फूल कोणत्या वर्षी अपेक्षित आहे, एवढे लिहिले आहे. कळलावीच्या ओळीपुढे तांबड्या शाईने ‘विषारी’ असे लिहून खाली रेघ ओढली आहे. ती वही कार्यालयात बाप्तिस्म्याच्या पुस्तकाशेजारी राहील आणि बारावीतल्या त्या मुलाला ती कोठे आहे हे ठाऊक आहे.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या परसात, बांधावर किंवा विहिरीच्या कडेला असे एखादे कांद्याचे झाड असेलच. येत्या पावसाळ्यात त्याची फुले देवळासाठी अवश्य तोडा. पण एका दांड्याला हात लावू नका. त्याचे बोंड भरू द्या, उकलू द्या, आणि त्यातले बी घरातल्या लहान मुलाच्या हाताने एका कुंडीत पेरा. कुंडीवर तारीख लिहून ठेवा. त्या मुलाला विचारण्यासारखे पुष्कळ प्रश्न सुचतील, आणि त्यांची उत्तरे द्यावयास तुमच्याजवळ तीन वर्षे असतील.